वास प्यालेला पाइप

मला गुजराती येतं, असं मी त्या दिवसांत छातीठोक सांगायचो. धुळ्याकडून सिल्वासात येऊन पाच वर्षं झाली होती. नरोलीत भाड्याची खोली, गलोंड्याच्या कारखान्यात फिटरची नोकरी आणि तोंडात तीन भाषांची खिचडी. शेठ गुजरातीत काम सांगायचे, फोरमन तेच काम हिंदीत उलटं करून सांगायचा आणि आम्ही मराठीत कुरकुर करत तिसरंच काहीतरी करायचो. तरी कारखाना चालायचा. त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा एक माज माझ्या अंगात भरला होता. आता तो उरलेला नाही. कसा गेला तेच सांगतो, जरी त्यातलं निम्मं मला अजूनही नीट उलगडलेलं नाही.

नव्वद सालाच्या आगेमागे आमच्या शेठना लाँच घ्यायची हौस आली. मुंबईच्या बाजूला कुणीतरी मोडीत काढायला ठेवलेली, वीस-पंचवीस माणसं बसतील एवढी लाँच त्यांनी घेतली, ट्रकवर घालून आणली आणि धरणाच्या फुगवट्यात सोडली. मालाचे गिऱ्हाईक आले की त्यांना कारखाना दाखवायचा आणि मग लाँचमधून एक चक्कर मारायची, असा त्यांचा बेत. बाहेरून तिला पांढराशुभ्र रंग दिला. पण शेठचा खरा अभिमान होता तो आतल्या संडासाचा. होडीत संडास! पाहुणा चढला की आधी ते दार उघडून दाखवायचे, मग डोंगर आणि पाणी.

आणि नेमकं तिथेच त्यांचं नाक कापलं गेलं. मुंबईचे काही पाहुणे बायकांना घेऊन आले होते. शेठनी थाटात दार उघडलं आणि बायकांनी पदर नाकाला लावले. परत किनाऱ्याला लागेपर्यंत कुणी धड बोललं नाही. उतरल्यावर शेठनी सगळ्यांच्या देखत लाँच चालवणाऱ्या खलाशाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आ माणस ज गंदो छे." हा माणूसच घाणेरडा आहे. पुढच्या रविवारी आणखी पाहुणे यायचे होते. तोवर वास गेला नाही तर तू गेलास, असंही त्याला तिथल्या तिथे सुनावलं.

हे मला दुसऱ्या दिवशी कारखान्यात कळलं, कारण शेठनी मलाच बोलावून सांगितलं की जाऊन बघ, कुठे पाइप गळतो का. गळत नसणारच, म्हणाले, तो म्हातारा धूत नाही हीच गोष्ट आहे, पण तू एकदा बघून ये. मी होडी आयुष्यात लांबूनच पाहिलेली. आमच्या गावाकडे नदीला पाणी असतं तेव्हा पूर असतो, आणि पूर नसतो तेव्हा वाळू. पण 'मला येत नाही' हे वाक्य मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. मी पान्हे आणि करवत पिशवीत घातली आणि कंपनीच्या टेम्पोत बसलो.

खलाशी काका दमणचे. साठीला आलेले. तीस वर्षं समुद्रावर काढून आता या गोड्या पाण्यावर आले होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, तोही निळीतून काढलेला. मी फळीवरून लाँचवर पाय ठेवणार तर त्यांनी हाताने थांबवलं आणि माझ्या चपलांकडे बोट केलं. माझं डोकंच फिरलं. मी काय देवळात आलोय का, असं मी मराठीत पुटपुटलो आणि चपला काढल्या. आत गेलो तर लाकडी तळ असा पुसलेला की पाऊल टाकायची लाज वाटावी. पितळी दांडे चकचकीत. संडासाचं दार उघडलं, तर भांडं असं पांढरं की आमच्या चाळीतल्या कुणाच्या ताटालाही तेवढा उजाळा नव्हता. आणि तरीही वास. फिनाइलच्या वासाखालून हळूच वर येणारा, जुना, आंबलेला, नाकात जाऊन बसणारा वास.

मी चक्रावलो. घाण दिसली असती तर बरं झालं असतं, शेठ खरे आणि म्हातारा खोटा, विषय संपला. घाण कुठेच नव्हती. बरं, गळतीही नव्हती. तळाच्या फळ्या उचलल्या तर खाली दोन काळे रबरी पाइप शेजारी शेजारी धावत होते, एकमेकांवरून तंगड्या टाकून झोपलेल्या भावांसारखे. एक संडासाच्या टाकीतून बाहेर जाणारा. दुसरा होडीच्या अगदी तळाशी जे पाणी झिरपून साचतं ते पंपानं बाहेर टाकणारा. दोघांची जाडी सारखी, रंग सारखा, वय सारखं. कुठला कुठे जातो ते कळेना.

आता आमच्या कारखान्याची एक पद्धत आहे. पाइप कुठला ते कळत नसेल तर एका टोकाला तोंड लावून फुंकर मारायची आणि दुसऱ्यानं बघायचं, हवा कुठून निघते. मी एका पाइपची क्लिप सैल केली, तोंड लावलं आणि जोरात फुंकलं. काका पुढून हात हलवत धावत येत होते, पण मला वाटलं शाबासकी द्यायला येतायत. तो पाइप कुठला होता ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. काकांनी मला तांब्या तांब्या पाणी दिलं, चूळ भरायला कडुलिंबाचा पाला दिला, आणि एकदाही हसले नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी एकेक जोड साबणाच्या पाण्यानं तपासला. जिथे गळती असेल तिथे फेस फुगतो. कुठेच फुगला नाही. दुपार झाली. ऊन, वास, आणि हाताला काही लागत नाही. माझा राग म्हणजे काय, नाकावर बसलेली माशी. मी पान्हा आपटला आणि त्या म्हाताऱ्या माणसाला सरळ विचारलं की काका, खरं सांगा, रोज धुता ना?

त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग खाली बसले, आणि मला समजावं म्हणून अगदी सावकाश बोलले.

"नोकरी जाय तो जाय, भाऊ. पण गंदो कहीने काढे, ए मने नहीं चाले."

नोकरी गेली तर जाऊ दे, पण घाणेरडा म्हणून काढलं तर ते मला चालणार नाही. जहाजावर असताना त्यांच्याकडे हेच काम असायचं, धुण्यापुसण्याचं. कप्तान दुसऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायचा. घरी दमणला मुलगा होता, सून होती, खायची भ्रांत नव्हती. पण चार माणसांत, त्यातही बायकांसमोर जो शब्द लागला, तो शेठनी स्वतःच्या तोंडानं मागे घ्यायला हवा, एवढंच त्यांना हवं होतं. तेवढं झालं की मी स्वतःहून घरी जाईन, म्हणाले. मला ते सगळं ऐकून स्वतःच्या श्रीमुखात मारावीशी वाटली. ही चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची गोष्ट होती, आणि फासाची दोरी ओढायला मीही हात लावला होता.

मग त्यांनी मला तो प्रकार दाखवला. स्टोव्हवर पाणी कढवलं, स्वच्छ फडक्याचा तुकडा त्यात बुडवून पिळला आणि संडासाच्या पाइपवरून, बाहेरच्या बाजूनं, दोनदा जोरात फिरवला. पाइप कोरडा होता, कुठे भोक नाही, चीर नाही. फडकं माझ्या नाकाशी धरलं. मी उडालोच. तोच वास! मग दुसरं फडकं घेऊन तळाच्या पाण्याच्या पाइपवर फिरवलं. त्याला नुसता डिझेलचा.

"पाइप पीए छे," काका म्हणाले. पाइप पितो.

मी फिटर. पाइपला भोक असेल तर गळतो आणि भोक नसेल तर गळत नाही, एवढंच माझं शास्त्र. न गळणारा पाइप वास कसा देईल, हे मला पटेना. पण फडकं खोटं बोलत नव्हतं. वर्षानुवर्षं आतली घाण अंगाशी घेऊन घेऊन तो पाइप आरपार वासानं भरला होता, जसं लोणच्याच्या बरणीचं लाकडी झाकण कितीही घासा, लोणच्याचाच वास देतं. काका रोज भांडं धूत होते आणि वास भांड्यात नव्हताच. तो भिंतीआड, फळ्यांखाली होता, आणि त्या पाइपला आतून कोण धुणार?

शेठकडे जाऊन मी सांगितलं की दोन्ही पाइप बदलायला हवेत, संडासाचा पाइप वास प्यालाय आणि दुसराही त्याच्याच वयाचा आहे. शेठ माझ्याकडे असे बघू लागले की मीच काहीतरी पिऊन आलोय. पण रविवार जवळ येत होता. ते म्हणाले, बदल, हवे ते घे, जाड घे, पण सांगून ठेवतो, वास राहिला तर तो बुढ्ढा राहणार नाही, आणि पाइपचं निमित्त मी ऐकणार नाही. मी वापीहून जाड भिंतीचा, आतून गुळगुळीत पाइप आणला आणि शुक्रवारी सकाळी लाँचवर हजर झालो. चपला आपणहून काढल्या.

पहिला दिवस तळाच्या पाण्याच्या पाइपमध्ये गेला. तो सोपा. तरी आमचे वाद झालेच. मी जुना पाइप पिळून ओढायला लागलो तर काकांनी हात धरला, ओढायचं नाही, जोड तुटेल, सुरीनं उभा चिरायचा. नवा पाइप बसेना म्हणून मी हातोडी उचलली तर त्यांनी ती काढून घेतली आणि टोक कढत पाण्यात बुडवून मऊ केलं. आतून साबण लावला आणि अंगठ्यानं ढकलला. टुणकन बसला. वरून एक क्लिप बसवून मी निघालो तर म्हणाले दुसरी लाव, आणि तिचा स्क्रू पहिलीच्या उलट बाजूला ठेव. मी विचारलं का, तर त्यांनी काहीतरी लांबलचक सांगितलं. मला त्यातलं अर्धं कळलं. मी मान डोलावली.

ही मान डोलवायची सवय फार वाईट. परमुलखात राहणाऱ्या माणसाला ती लागते. समोरचा दोनदा सांगतो, आपल्याला कळत नाही, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, मग आपण हा हा करतो. मी पाच वर्षं हा हा करत गुजराती शिकलो होतो.

शनिवारी संडासाचा पाइप. पाइप टाकीतून निघून सरळ बाहेर जायच्या भोकाकडे नेला तर जवळ पडत होता, आणि मी तसाच नवा पाइप मापला. काका म्हणाले नाही, तो आधी वर न्यायचा, छताजवळून कमान करून मग खाली आणायचा. मी म्हटलं, पाणी वर चढवायचं आणि पुन्हा खाली आणायचं, हा कुठला शहाणपणा? मी चांगलाच तोंड वाजवून भांडलो. मग त्यांनी बादलीत पाणी भरलं, पाइपचा एक तुकडा घेऊन मला करून दाखवलं की नळी सरळ ठेवली तर बाहेरचं पाणी उलटं आत येतं, आणि कमान असली तर येत नाही. होडीतली टाकी बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली बसलेली असते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. जमिनीवरच्या माणसाला पाणी नेहमी खालीच असतं असं वाटतं. मी कमानीसाठी नवं माप घेतलं.

जुना पाइप काढताना दोघांनीही तोंडाला फडकी बांधली होती. टाकी आधीच धुऊन रिकामी केली होती, बाहेरच्या भोकाचा कॉक बंद केला होता, पण पाइपच्या पोटात जे होतं ते होतंच. मी वर, लाँचच्या कठड्यापाशी, आणि काका खाली टाकीच्या खोलगट जागेत उकिडवे. ते खालून सोडवत होते आणि मी वरून ओढून घेत होतो. तोंडावर फडकं असल्यानं त्यांचा आवाज दबका येत होता. कामाच्या सुरुवातीला त्यांनी मला काहीतरी सांगितलं होतं, बरंच, हातवारे करून. त्यातला 'शेठ' आणि 'बताववानुं', म्हणजे दाखवायचं, एवढंच कानात शिरलं. मी त्या वेळी एका गंजलेल्या स्क्रूशी झटत होतो. मी हा हा म्हटलं होतं.

पाइप अखंड निघाला. आठ-नऊ फूट लांब, जड, अंगाखांद्यावर काळं पाणी ठिबकणारा. तोंडाशी बघितलं तर आतून चुन्यासारखा पिवळट थर जमून भोक निम्मं उरलेलं. माझ्या हातावर, पायावर, काकांनी पुसलेल्या त्या फळ्यांवर घाण सांडत होती. मला उमासे येऊ लागले. याला करू काय, असं मी ओरडून विचारलं. खालून आवाज आला.

"खाली करी नाख!"

मी पाइप उचलला आणि कठड्यावरून पाण्यात टाकून दिला. बुळुक आवाज झाला, चार बुडबुडे आले आणि संपलं. हातातलं ओझं गेल्यावर केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मी फडकं सोडून दोन मोठे श्वास घेतले. एवढ्यात काका वर आले, हातात स्वच्छ बादली घेऊन. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग फळ्यांवर. मग पाण्यावर.

"पाइप?" ते म्हणाले.

मी म्हटलं, खाली टाकला, तुम्हीच म्हणालात ना, खाली नाख.

"में खाली करवानुं कीधुं हतुं," ते अगदी हळू म्हणाले.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मराठी माणसाला खाली म्हणजे तळाकडे. त्यांना खाली म्हणजे रिकामं. आणि नाख म्हणजे टाक, हे मला माझ्या पाच वर्षांच्या गुजरातीनं शिकवलेलंच होतं. खाली करी नाख: रिकामा करून टाक. आपण मराठीत म्हणतो ना, रिकामा करून टाक, तर त्यात कुणी काही फेकून देत नाही. ते मला सांगत होते की पाइप बादलीत रिता कर. तो त्यांना धुऊन ठेवायचा होता. संध्याकाळी शेठ बघायला येणार होते, त्यांच्यासमोर तो पाइप चिरायचा, आतला थर दाखवायचा, कढत फडकं फिरवून त्यांच्या नाकाशी धरायचं, आणि मग विचारायचं की शेठ, आता बोला, गंदा कोण? सकाळी हातवारे करून ते मला हेच सांगत होते. आणि मी हा हा म्हटलं होतं.

भाषेची थोडी ओळख असणं हे अडाणी असण्यापेक्षा वाईट. अडाण्याने निदान विचारलं तरी असतं. काकांनी दोरीला लोखंडी आकडा बांधला आणि दोन तास पाण्यात फिरवला. पावसाळा नुकताच सरला होता, धरण काठोकाठ, खाली किती खोल ते देव जाणे. आकड्याला एकदा झाडाची कुजकी फांदी लागली, एकदा काहीच नाही. मी उडी मारतो म्हटलं, तर त्यांनी विचारलं, पोहता येतं का? येत नव्हतं. मी त्या पाण्याकडे बघत बसलो आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मी रडलो.

मग काका कामाला लागले. फळ्या धुतल्या, मला अंग धुवायला लावलं, आणि मग नवा पाइप आम्ही दोघांनी मिळून बसवला. टोक मऊ करून, साबण लावून, कमान छताला बांधून, दोन-दोन क्लिपा उलटसुलट. मी एकाही गोष्टीवर वाद घातला नाही. फडक्याचा तो पहिला तुकडा तरी दाखवू, असं मला मध्येच सुचलं. बघतो तर काकांनी तो त्याच दिवशी साबणानं धुऊन दोरीवर वाळत घातला होता, पांढराफेक.

शेठ चारच्या सुमारास आले. चपलांसकट चढले. थेट संडासाचं दार उघडून आत मान घातली आणि लांब श्वास घेतला. मग आणखी एक. वास नव्हता. नव्या रबरी-प्लास्टिकचा येत होता, बस. शेठचा चेहरा फुलला. मला वाटलं, झालं, सुटलो.

"जोयुं?" शेठ काकांना म्हणाले. "बराबर धोयुं एटले गयो ने वास?"

बघितलंस? नीट धुतलं तेव्हा गेला ना वास? काका म्हणाले की शेठ, वास पाइपमध्ये होता. शेठनी विचारलं, कुठे आहे तो पाइप, दाखव. काकांनी पाण्याकडे बघितलं. मी पुढे झालो आणि सगळं सांगितलं. फडकं कसं फिरवलं, पाइप कसा पितो, खाली म्हणजे काय आणि खाली म्हणजे काय, मी कसा तो पाण्यात टाकला. घाईघाईत मी मराठी, हिंदी, गुजराती सगळं एकदम बोलत होतो, आणि माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती रचलेलं वाटतंय. पुरावा होता, पण तो धरणात आहे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेठ ऐकत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. माझ्या पाठीवर थाप मारली. म्हाताऱ्याला वाचवतोयस, म्हणाले, चांगला मुलगा आहेस, मला आवडलं. मग काकांकडे वळून दिलदारपणे म्हणाले की जा, मी विसरलो सगळं, नोकरी राहिली तुझी, पण यापुढे या मुलानं केलंय तसं साफ ठेव.

मी बघत राहिलो. म्हणजे वास गेला ह्यानं काका सुटले नाहीत, उलट पक्के अडकले. वास होता तोवर शेठना निदान स्वतःच्या आरोपाबद्दल शंका तरी घेता आली असती. आता वास गेला, म्हणजे वास घालवता येत होता, म्हणजे म्हातारा इतके दिवस धूत नव्हता. सरळ हिशेब. आणि हा हिशेब मी स्वतःच्या हातांनी, दोन-दोन क्लिपा लावून, पक्का बसवून दिला होता. मी चांगलं केलं की वाईट? तेव्हाही कळलं नाही. काकांनी शेठना मान लववून नमस्कार केला, एवढंच.

रविवारी शेठनी मलाही लाँचवर हजर राहायला सांगितलं होतं, नवा जोड सुटला तर म्हणून. काही सुटलं नाही. पाहुणे आले, शेठनी थाटात दार उघडलं, बायकांनी आत डोकावून वा वा केलं. काकांनी लाँच अशी चालवली की पेल्यातलं सरबत हललं नाही. शेठनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, आमचा फिटर, ह्यानं जादू केली. मी मान खाली घालून उभा. मोटारी निघून गेल्या तेव्हा ऊन अजून होतं.

काकांची पिशवी भरलेली तयार होती. सकाळपासूनच होती, ते मला तेव्हा दिसलं. मी विचारलं, कुठे निघालात? घरी, म्हणाले, दमणला. मी त्यांना खूप सांगितलं. नोकरी राहिलीय, शेठ विसरलेत, काही दिवसांनी मी पुन्हा बोलून बघतो, तुम्ही निघून गेलात तर लोक म्हणतील शेठच खरे. ते ऐकून घेत होते आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारत होते. मग त्यांनी बादली भरली, ब्रश घेतला आणि संडासात जाऊन गुडघ्यांवर बसले. पाहुण्यांपैकी एकानंही तो वापरला नव्हता. तरी त्यांनी भांडं घासलं, फरशी घासली, दाराची कडी पुसली. एखाद्याच्या घरी सण असावा तसं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, काका, आता कशाला? तुम्ही तर चाललात.

ते ब्रश धूत म्हणाले, "काले बीजो आवशे. आवीने पहेलुं ए ज सूंघशे."

उद्या दुसरा येईल. आल्यावर पहिला वासच घेईल. त्यांनी हात पुसले, किल्ली माझ्या हातात ठेवली, माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि फळीवरून उतरून रस्त्याला लागले. पांढरा सदरा चढावरून वळणापर्यंत दिसत होता. मग दिसेना.

मी किल्ली घेऊन तिथेच उभा राहिलो. लाँचवर कुणी नव्हतं. आणि मी, ज्यानं तो पाइप ह्या हातांनी काढला होता, ज्यानं फडकं नाकाशी धरून सगळं पाहिलं होतं, तो मी संडासाचं दार उघडून आत वाकलो आणि वास घेतला.